तायकिळ्याची जुडी

म्हापशात शुक्रवारी माझं औषधाचं दुकान
बाहेरच्या मिरच्यांच्या खोकल्यानं उघडतं.
शाबा हळर्णकर आले, छत्री दाराशी टेकवली,
खिशातून घडीचा कागद काढला.
डोळ्यांच्या डॉक्टरनं दिलेला, बारीक चौकटींचा,
मधोमध एक काळा टिंब.

"एक डोळा झाकून बघतो," म्हणाले,
"तर मधल्या ओळी खचतात.
फर्मा सैल झालाय, बाय."

बेचाळीस वर्षं जुळारी होते.
शिशाचे खिळे, उलटी अक्षरं,
चिमटीत वेलांटी, चिमटीत रफार,
लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, मेलेल्यांच्या काळ्या चौकटी.
आम्हाला छापल्यावर दिसायचं
ते त्यांची बोटं आदल्या रात्री वाचायची.
आता समोर बसलेल्या माणसाचे
कान दिसतात, नाक दिसत नाही.

चिठ्ठीवर नाव: ल्युटीन.
तीस गोळ्या, आठशे चाळीस रुपये.
त्यांनी डबी नाकाजवळ नेली, मग बाजूला,
कडेच्या नजरेनं किंमत वाचली
आणि हळूच परत ठेवली,
चुकीच्या घरात पडलेला खिळा उचलून ठेवावा तशी.

मग मी ते सांगितलं, जे दुकानदारीणीनं सांगू नये.
डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यावर
एक पिवळा ठिपका असतो, तिळाहून मोठा नाही.
चेहरे, अक्षरं, सुईचं नाक, सगळं तिथे उतरतं.
तिथला पिवळा आपल्या अंगात तयार होत नाही.
तो खावा लागतो.
पानांनी तो आपल्यासाठी केलेला नाही,
त्यांना ऊन सोसायचं असतं,
भडक उजेडाची धार बोथट करायची असते.
आपण तो उसना घेतो
आणि ठेवतो नेमका
जिथून बघतो तिथे.

"पण पानं हिरवी," शाबा म्हणाले.
हिरव्याच्या आत असतो. फणसाचं पान गळताना बघा,
पिवळा काही बाहेरून येत नाही,
हिरवा उठून जातो, आणि हा
आधीपासून बसलेला दिसतो.

जरा वेळ गप्प. मग:
"म्हणजे पहिल्या छपाईचा रंग.
वरून दुसरा मारलेला."

समोर पुतळी गावडे बसते, डोक्यावर गोणपाट.
तायकिळ्याच्या जुड्या, मसकाची पानं,
मक्याची चार कणसं,
मागे गवतात गावठी अंडी. त्यांच्या बलकातही तोच पिवळा.
"अंडं श्रावण सरल्यावर," शाबांनी हात वर केला.
तायकिळा त्यांनी डोळे मिटून निवडला,
पान चुरून वास घेतला, दोन जुड्या परत केल्या.
"खोबरें बरें घाल," पुतळी म्हणाली,
"सुकी भाजी आंगाक लागना."

स्निग्धाशिवाय तो रंग रक्तात उतरत नाही:
हे मी पुण्यात चार वर्षं राहून शिकले होते,
परीक्षेत पाच गुणांना.

गेलेलं परत येणार नाही, मी म्हटलं.
भाजीनं नाही, डबीनंही नाही.
असलेलं थोडं जास्त टिकेल, कदाचित.
डॉक्टरची तारीख चुकवू नका. आणि विडी?
"ती छापखान्याबरोबरच बंद झाली."

पैसे दिले. वीसची नोट अंगठ्यानं ओळखली.
जुडी काखेत धरून परत पायरीपर्यंत आले,
"काय म्हणालीस ते नाव?"

ल्युटीन.

त्यांची चिमटी हवेत उघडली, मिटली,
न दिसणाऱ्या घरांवरून भराभर फिरली,
उकार, वेलांटी, न,
आणि पहिल्याच अक्षरावर परत येऊन अडली.
"अर्धा ल," शाबा हसले,
"आमच्याकडे कायम कमी पडायचा."